भिमाजीची दोन दिवसांची ड्युटी

"खुर्ची काय पाय फुटून पळणार होती?" लताबाई ओरडत होती.

मधली भिंत एका विटेची. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरांना तशाच भिंती होत्या, शेजारी कांदा चिरला की आपले डोळे झोंबायचे. तेव्हा मी कान लावून ऐकत होते असं कोणी म्हणू नये. भांडण आपल्या पायानं आमच्याकडे आलं होतं.

"पोरगी तापानं फणफणली. डोळे फिरवले तिनं. मी एकटी तिला उचलून दवाखान्यात पळाले. आणि तुम्ही कुठं होता?"

"रिलिव्हर आला नव्हता," भिमाजी म्हणाला.

"मग?"

"मग काय मग? पुंजाराम चार तास आला नाही. पॅनल सोडून कसा येऊ?"

"निरोप मिळाला होता ना पण?"

मग भिमाजी हळूच म्हणाला, "मिळाला होता."

त्यावर ताट आपटलं. "त्या पुंजारामाला माझ्या दारात उभं करायचं नाही. मी मेले तरी नाही!"

पोरगी वाचली. प्रतिभा तिचं नाव, आता साताऱ्याला शाळेत शिकवते, तिला स्वतःची दोन मुलं आहेत. पण भिमाजीच्या आतलं काहीतरी वाचलं नाही. पुढं कधी प्रतिभाला साधी शिंक आली तरी हा माणूस पांढरा पडायचा.

त्याची बाजूही सांगते. वीज केंद्रात एक खोली असते, भिंतभर काटे आणि दिवे, तेच पॅनल. त्यांच्यासमोर एक माणूस बसतो. आठ तास झाले की दुसरा येतो, म्हणतो, "चार्ज दे." वहीत दोघांच्या सह्या होतात, मगच पहिला उठतो. त्या दुसऱ्याला रिलिव्हर म्हणतात. तो आला नाही तर पहिला तिथंच, भूक लागो की घरी कोणी मरो. माझे मालक तिथंच कोळशाच्या बाजूला होते, म्हणून मला हे माहीत. पुंजाराम त्या दिवशी कुठं होता म्हणाल, तर सिन्नरच्या बाजूला कुस्त्या बघत बसला होता. निदान खोटं बोलला नाही.

भिमाजीनं तेहतीस वर्षं ती खुर्ची सांभाळली. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. मशीनचा नुसता आवाज ऐकून त्याला दुखणं कळायचं. रिटायर झाल्यावर आम्ही दोन्ही घरांनी सामनगावच्या रस्त्याला लागून लागून घरं घेतली. क्वार्टर सुटलं तरी मधली भिंत सुटली नाही. आमच्याकडे चहाला आला की म्हणायचा, "सखुताई, तुमचा फ्रीज दमलाय." आठ दिवसांत फ्रीज बंद. मी म्हणायचे, "भाऊ, माझ्या छातीला तेवढा कान लावू नका."

लताबाई गेली त्याला दोन वर्षं झाली होती. भिमाजी एकटा राहायचा, पण टापटिपीनं. सकाळी साडेसहाला दूध आत, सातला पेपर, आठला आमच्याकडे चहा. त्याच्यावरून घड्याळ लावावं.

आणि गेल्या वर्षी, फेब्रुवारी सरताना, एका शनिवारी तो आला नाही.

नऊ वाजता मी बाहेर डोकावले. पेपर पायरीवर. दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली, उन्हानं टम्म फुगली होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले. आत मात्र दिवा चालू. म्हटलं उशिरा झोपला असेल. घरात आले, भिंतीला पाठ टेकून लसूण सोलत बसले.

भिंतीपलीकडून एक आवाज आला. पुरुषाचा, हिंदी, सावकाश आणि गोड. आजारी माणसाशी बोलावं तसा.

"भिमाजी, कैमरे के सामने।"

"जी सर," भिमाजी म्हणाला.

टीव्ही असेल, मी मनाशी म्हटलं. पण टीव्हीतला माणूस शेजाऱ्याचं नाव घेत नाही. माझा हात लसणावर तसाच राहिला. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग पुन्हा तोच आवाज, "भिमाजी, नजर ऊपर।" आणि "जी सर." असं सकाळभर. मधल्या वेळात पलीकडे इतकी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू यायची.

दुपारी दोनच्या ठोक्याला गोड आवाज म्हणाला, "अब बड़े साहब देखेंगे।" आणि लगेच दुसरा बोलू लागला, जाडा, घशात काही अडकल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला तो त्या आवाजानं नाही. पाळी बदलली म्हणून आला. सहा ते दोन, दोन ते दहा. आमचं अर्धं आयुष्य त्या भोंग्यावर गेलेलं. शेजारच्या घरात कोणीतरी आमच्याच पाळ्या चालवत होतं.

मी उठून दार वाजवलं. आत भिमाजीनं कोणाची तरी परवानगी मागितली, ती मिळाली, आणि दार वीतभर उघडलं.

त्याच्या अंगात कंपनीचा खाकी शर्ट होता. अकरा वर्षांपूर्वी लताबाईनं तो धुऊन ट्रंकेत ठेवलेला, डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. दाढी वाढलेली. डोळे माझ्याकडे नव्हते, मागं कोणी उभं असावं तसे तिकडेच वळत होते.

"भाऊ, चहाला नाही आलात?"

"ताई, मी ड्युटीवर आहे."

"कसली ड्युटी?"

दार लागलं.

आता काय सांगू तुम्हाला. भुताखेतांचं मानायचं नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, आणि मी मानतही नाही. पण रिटायर झालेला माणूस जुना शर्ट घालून बंद घरात कोणाला तरी 'जी सर' म्हणतोय, तर भर दुपारी मला वाटलंच की लताबाई न्यायला आली. मी घरी येऊन दिवा लावला. दुपारी अडीचला. सून म्हणाली, "आई, दिवा कशाला?" मी म्हटलं, "अंधारलंय." बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

रविवारी सकाळी पेपर दोन झाले, पिशव्याही दोन. मला राहवेना. त्याच्या मागच्या दाराची कडी फटीतून चमचा घातला की निघते. लताबाई असताना आम्ही एकमेकींकडे तशाच जायचो. पदराखाली दोन भाकरी आणि पिठलं घेतलं, चपला बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघरातून आत गेले.

खोलीच्या मधोमध खुर्ची. खुर्चीत भिमाजी, ताठ, हात मांडीवर. समोर स्टुलावर पिठाचा डबा आणि डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, चार्जरची वायर लावलेली. कपाटावरचा लताबाईचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवलेला. हे मात्र मला पाहवलं नाही.

मोबाईलमध्ये काय होतं ते मला मागून दिसलं. एक टेबल, मागं झेंडा, भिंतीवर गोल शिक्का, आणि एक खुर्ची. रिकामी. खुर्चीच्या पाठीवर पोलिसाचा कोट टांगलेला. माणूस कोणी नाही. रिकाम्या खुर्चीसमोर आमचा भिमाजी डोळे न मिटता बसला होता. कुठून तरी लांबून, त्या मोबाईलच्या आतून, कोणी कुरकुर काहीतरी खात असल्याचा आवाज येत होता.

"भाऊ," मी कुजबुजले.

त्यानं मान वळवली नाही. मांडीवरचं एक बोट हलवलं, थांबा. मग तोच हात हळूहळू खाली नेऊन खुर्चीखाली ठेवलेलं कॅलेंडरचं पान माझ्याकडे सरकवलं. मी गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले.

"कौन है वहाँ?" मोबाईल म्हणाला.

खुर्ची अजून रिकामीच होती.

"कोई नहीं सर. बिल्ली," भिमाजी म्हणाला.

सत्तरी ओलांडलेली, चाळिशी लावलेली मांजर मी. तशीच रांगत स्वयंपाकघरात आले, भाकरी तिथंच ठेवली आणि बाहेर पडले. पायरीवर बसून कागद वाचला. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेली, त्यातही अर्धा वेळ शेळ्यांमागं. एकेक अक्षर बोटाखाली धरून लावलं. 'प्रतिभाला अटक होईल. बोलू नका. मी उठलो तर नेतील. उद्या दहाला बँक.'

वाचून झाल्यावर मी तडक सुनेकडे गेले.

सून संजना पतसंस्थेत कारकून आहे. तिनं कागद बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे लबाड आहेत. डिजिटल अरेस्ट म्हणतात ह्याला. आमच्या एका सभासदाला असंच चार दिवस बसवलं होतं. तुमच्या आधारवर गुन्हा झालाय म्हणायचं, फोनसमोर बसवायचं, कोणाशी बोलू द्यायचं नाही, आणि शेवटी सगळे पैसे 'तपासायला' म्हणून त्यांच्या खात्यात मागवायचे. खरे पोलीस फोनवर कोणाला अटक करत नाहीत. असा कायदाच नाही."

"मग भिमाजीला जाऊन सांग ना."

"सांगते. आधी प्रतिभाताईंना फोन लावते."

प्रतिभा साताऱ्याला मुलांची दप्तरं धूत होती. कसली अटक नि कसलं काय. म्हणाली, "पप्पांचा फोन कालपासून बिझी येतोय. मला वाटलं मामांशी बोलतात." सगळं ऐकून रडायलाच लागली. म्हणाली लगेच निघते, पण साताऱ्याहून नाशिक म्हणजे रात्र होणार.

संजनानं दार बडवलं. "काका, उघडा! हे खोटं आहे! प्रतिभाताई लाईनवर आहेत, बोला तुम्ही."

तिनं मोबाईल मोठ्या आवाजावर करून खिडकीशी धरला. प्रतिभा ओरडत होती, "पप्पा, मी घरी आहे! मला काही झालं नाही! पप्पा, ऐकताय ना?"

संजनानं मोबाईल खिडकीच्या आणखी जवळ नेला.

"पप्पा!"

मग पडद्याआडून भिमाजीचा आवाज आला, अगदी बारीक. "संजना, बंद कर ते. साहेबांनी कालच सांगितलंय, आवाज येईल. ओळखीचाच येईल. हुबेहूब येईल. आजकाल मशीननं आवाज काढतात. उत्तर द्यायचं नाही."

पोटची पोर हाका मारतेय आणि बाप म्हणतोय, तू ती नाहीस. मी आयुष्यात मयतं पुष्कळ पाहिली, पण तशी गार मी कधी पडले नव्हते.

"काका, मशीन नाही हो! खरंच त्या आहेत!"

"तू जा पोरी. मागं एकदा मी खुर्ची सोडली नाही म्हणून तिला काही झालं असतं. आता खुर्ची सोडली म्हणून होईल. जा."

संजनानं पोलिसांत फोन केला, फोनवरच्या फसवणुकीसाठी तो एक नऊ तीन शून्य नंबर असतो तिथंही केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, माणूस पाठवतो म्हणाले, पैसे देऊ देऊ नका म्हणाले. संजना म्हणाली, "आई, मागून जाऊन फोन हिसकावून घेऊ का?" मी म्हटलं, "बीपीचा माणूस आहे. हिसकावलास तर पोरीला नेलं म्हणून जागीच जाईल. आणि फोन गेला तरी तो उद्या दहाला बँकेत जाणारच. त्याला सांगितलंय ना दहाला."

त्याची सगळी आयुष्यभराची पुंजी बँकेत होती, रिटायर झाल्यावर मिळालेली. त्याच्या म्हातारपणाला तेवढाच आधार. सोमवारी दहाला ती गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे ती देऊनही तो उठला नसता. असे लोक आणखी मागतात.

मी पायरीवर बसून राहिले. पोरगी हाका मारते तरी जो उठत नाही, तो कशानं उठेल? तेहतीस वर्षांत हा माणूस कशानं उठला? एकाच गोष्टीनं उठला.

मी संजनाला म्हटलं, "पुंजारामाचा नंबर शोध."

पुंजाराम एकलहऱ्याच्या गेटजवळ लेकाकडे राहतो. फोन उचलल्यावर म्हणाला, "जयभीम वहिनी. मी? त्याच्या घरी? लतावहिनींनी मला बंदी घातलीय."

"ती गेली, माहिती आहे ना?"

"तरी. त्या म्हणाल्या होत्या, मेले तरी नाही."

"तिचा फोटो त्यानं भिंतीकडे फिरवलाय. तिला दिसणार नाही. या मुकाट्यानं."

काय करायचं ते त्याला समजावून सांगितलं. बारा वाजता येतो म्हणाला. आला दोन वाजून दहा मिनिटांनी. पंचाहत्तरीचा माणूस, हातात काठी, काखेत डबा. मी म्हटलं, "अहो, आज तरी?" तर म्हणतो, "रिक्षा मिळाली नाही. आणि वहिनी, ड्युटीला जायचं तर डबा नको?"

मागच्या दारानं आम्ही आत गेलो, तो पुढं, मी चौकटीशी. भिमाजी तसाच बसलेला, पण आता एका बाजूला कलला होता, ओठ कोरडे पडलेले. भाकरीला हात लावला नव्हता. मोबाईलमध्ये जाडा साहेब बसला होता. त्याला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तरुण पोरगा होता हो, गळ्याशी ढिला पडलेला पोलिसाचा कोट. तो पापणी हलवत नव्हता.

पुंजाराम खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. डबा खाली ठेवला. त्याच्या जुन्या आवाजात म्हणाला,

"भिमाजी, आलो. चार्ज दे."

भिमाजीच्या मानेची शीर हलली. समोर बघतच त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"दोन दहा."

"उशीर केलास."

"केला. तेव्हाही केला, आताही केला. वही कुठंय?"

"ए! कौन है ये?" साहेब ओरडला. "भिमाजी, हिलना मत! बेटी को उठा लेंगे!"

मला वाटलं, गेलं सगळं. भिमाजीची मान फिरायला लागली. एकदा मोबाईलकडे, एकदा मागं. कोणाचं ऐकावं?

पुंजाराम काही समजावत बसला नाही. हे खोटं आहे, लबाड आहेत, काहीही म्हणाला नाही. वाकून ते कॅलेंडरचं पान उचललं, उलटं केलं, खिशातलं पेन काढून सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"प्रेशर?" पुंजारामानं विचारलं.

"नॉर्मल," भिमाजी म्हणाला.

"काही ट्रिप? मशीन बंद पडलं कुठं?"

"नाही."

"चार्ज घेतला. ऊठ. घरी जा."

भिमाजीनं सही केली. मग उठला. दोन दिवसांचे आखडलेले पाय, पडलाच असता, मी धावून धरला. पुंजाराम त्याच्या जागी बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि मोबाईलकडे बघू लागला.

"तू कौन है, बुड्ढे?"

"रिलिव्हर."

एवढंच. मग तो नुसता बघत राहिला. पॅनलचे काटे बघावेत तसा. साहेबानं शिव्या दिल्या, कायद्याची कलमं म्हटली, गोड आवाजवाला बाजूला येऊन उभा राहिला, त्यानंही बोलून पाहिलं. पुंजाराम बघतच होता. शेवटी त्या पोराची पापणी हलली. मोबाईल काळा झाला. काळ्या काचेत पुंजारामाचं तोंड दिसत होतं आणि त्याच्या मागं आम्ही दोघं.

थोड्या वेळानं भिमाजी स्वयंपाकघरात बसून गार भाकरी खात होता. खाताना एकदाच बोलला. "ताई, त्यांच्याकडे पाळ्या होत्या. वेळेवर बदलत होते. म्हणून मला खरं वाटलं."

पोलीस आले, खरे, दारातून आले. त्यांनी सगळं लिहून घेतलं, बँकेला कळवलं. पैसे वाचले. प्रतिभा रात्री पोचली तेव्हा बाप झोपला होता. सकाळी उठल्यावर त्यानं तिच्या गालाला हात लावून पाहिला. मशीन नाही ना, म्हणून. मग कपाटाशी गेला आणि लताबाईचा फोटो सरळ केला. पुंजाराम बाहेर ओट्यावरच बसला होता. आत बोलावलं तर म्हणाला, "नको, आता त्या बघतायत."

त्यानंतर आमच्या दोन्ही घरांत एक ठरलं. फोनवर कोणी घाबरवलं, घाई केली, किंवा 'कोणाला सांगू नका' म्हणालं, की फोन ठेवायचा आणि पहिलं शेजारी जाऊन सांगायचं. सांगू नका म्हणणारा माणूस चोरच, हे मला तिसरीच्या शिक्षणातही कळतं. संजनानं तिच्या संस्थेतल्या म्हाताऱ्यांनाही हेच सांगितलं. भिमाजीची गोष्ट नाव न घेता सांगितली. भिमाजी म्हणाला, "नाव घ्या. लाज कशाची?" पण त्याला लाज वाटत होती. महिनाभर तो चहाला आला तरी कपातच बघायचा.

आणि दुपारी दोनला त्याचा फोन वाजायचा. रोज नाही, पण वाजायचा. नंबर वेगळा असायचा. उचलला तर कोणी बोलायचं नाही, नुसता पंखा फिरल्याचा आवाज यायचा. संजनानं त्याला नवा नंबर घेऊन दिला. तरी भिंतीपलीकडून दुपारच्या झोपेत कधी कधी "जी सर" ऐकू यायचं. मी भिंतीवर दोनदा थापट मारायचे, मग तो कूस बदलायचा.

पावसाळ्यानंतर ते थांबलं. चेहऱ्यावर मांस आलं. पुंजाराम दर रविवारी येऊन ओट्यावर बसू लागला, दोघं फार न बोलता बिडीच्या वासाबद्दल भांडायचे. आत तो पुन्हा कधी गेला नाही.

भिमाजी गेला तो नोव्हेंबरात, मंगळवारी, दुपारच्या झोपेत. डॉक्टर म्हणाले हृदय. प्रतिभाला मीच फोन केला.

त्या सकाळी तो नेहमीसारखा दळण घेऊन गेला होता. मंगळवार त्याचा दळणाचा, त्याची बाजरी आणि आमचे गहू. गिरणीत तो उभा राहायचा, पट्ट्याच्या आवाजावरून गिरणीवाल्याला सल्ले द्यायचा, गिरणीवाला वैतागायचा. अकराच्या सुमारास आला, आमचा डबा पायरीवर ठेवला, हाताचं पीठ झटकलं.

"सखुताई, पीठ गरम आहे," तो म्हणाला. "लगेच झाकण लावू नका."